वाचकांचे प्रश्न : प्रयोगात पास, सरकारी योजनेत नापास?

प्रश्न : केनियात कंत्राटी शिक्षक नेमल्यावर मुलांचे गुण वाढले, असे वाचले होते. पुढे सरकारने तेच केले तर काहीच फरक पडला नाही म्हणे. मग आधीचा अभ्यास खोटा होता का?

उत्तर : नाही, दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. एस्थर डफ्लो, पास्कलिन दुपास आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांचा प्रयोग पश्चिम केनियात २००५ मध्ये सुरू झाला. २१० शाळांपैकी १४० शाळांना चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने एकेक जादा शिक्षक मिळाला. त्याला शाळा समितीनेच नेमायचे, पगार कायम शिक्षकाच्या साधारण पाव. काम पटले नाही तर समितीने करार पुढे चालू ठेवायचा नाही. या शिक्षकांकडची मुले पुढे गेली.

पुढे सरकार देशभर १८,००० कंत्राटी शिक्षक भरायला निघाले. तेव्हा टेसा बोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९२ शाळांचे तीन गट पाडले. ६४ शाळांत एका स्वयंसेवी संस्थेने योजना चालवली, ६४ शाळांत शिक्षण मंत्रालयाने, उरलेल्या ६४ शाळा तुलनेसाठी तशाच ठेवल्या. संस्थेच्या शाळांत गुण ०.१८ प्रमाण विचलनाने वाढले. म्हणजे शंभर मुलांत खालून पन्नासावा असलेला मुलगा साधारण सत्तावन्नाव्या जागी गेला. मंत्रालयाच्या शाळांत वाढ शून्य. गंमत म्हणजे पगार ५,००० शिलिंग ठेवला काय किंवा ९,००० ठेवला काय, निकालात फरक दिसला नाही.

मग घोडे अडले कुठे? एक तर मंत्रालयाच्या शाळांत पगार जास्त रखडले आणि देखरेख ढिली पडली. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. देशव्यापी भरती म्हटल्यावर शिक्षक संघटना आखाड्यात उतरली. आपल्या पाठीशी संघटना आहे, आज ना उद्या कायम होऊ, असे शिक्षकांना वाटू लागले, आणि २०११ च्या संपानंतर सरकारने त्यांना सेवेत सामावून घेण्याचे मान्यही केले. करार संपण्याची धास्ती हाच ज्या योजनेचा कणा, ती धास्ती गेल्यावर उरले काय? यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाव पगारावरचा माणूस कायम होण्यासाठी धडपडणारच. छोट्या प्रयोगात ही धडपड दिसत नाही, कारण शे-दीडशे शिक्षकांसाठी कोणी संप करत नाही.

म्हणून असा अहवाल हाती आला की निकालाच्या तक्त्याआधी अंमलबजावणीचा भाग वाचा. नेमणूक कोणाच्या सहीने झाली, मंजूर जागांपैकी किती आणि किती महिने भरलेल्या होत्या, पगार किती उशिरा झाला, शाळेला भेट द्यायला कोण जात होते? एवढे त्यात नसेल, तर योजना चालली नाही की ती शाळेपर्यंत पोचलीच नाही, हे कळायला मार्ग नाही.

प्रश्न : फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. मग आफ्रिकेत मच्छरदाण्या फुकट का वाटतात?

उत्तर : हा समज पारखून पाहिला गेला आहे. जेसिका कोहेन आणि पास्कलिन दुपास यांनी केनियात गरोदर स्त्रियांच्या तपासणी केंद्रांत कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या दरांत ठेवल्या : कुठे फुकट, कुठे अगदी ४० शिलिंगपर्यंत. ४० शिलिंगला घेणाऱ्यांचे प्रमाण फुकटच्या तुलनेत तब्बल ६० टक्के अंकांनी घसरले, म्हणजे शंभरामागे साठ जणी कमी झाल्या. नंतर न सांगता घरी जाऊन पाहिले, तर फुकट मिळालेली मच्छरदाणी विकतच्यापेक्षा कमी वापरली जात होती, असे आढळले नाही. शिवाय कीटकनाशकाने डास मरतात, त्यामुळे फायदा शेजारच्या घरालाही होतो. किंमत लावून घेणारे कमी केले की तो फायदाही जातो.

पण यावरून ‘सगळेच फुकट द्या’ असा नियम करू नका. झांबियात लुसाका शहरात पाणी शुद्ध करण्याचे क्लोरीन घरोघर विकून पाहिले, तेव्हा जास्त पैसे द्यायला तयार असलेल्या घरांनी ते पिण्याच्या पाण्यात जास्त वापरले. क्लोरीनने फरशीही पुसता येते, मच्छरदाणीचे तसे नाही. फुकट द्यायचे की नाही, हे वस्तूगणिक ठरते.

प्रश्न : नायजेरियाचे सकल उत्पन्न (जीडीपी) २०१४ मध्ये एका दिवसात ८९ टक्क्यांनी वाढले. हा आकड्यांचा खेळ नव्हे का?

उत्तर : खेळ नाही, थकलेला हिशोब होता. तोवर पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीच्या किमती आणि उद्योगांची रचना धरून हिशोब होतो ते वर्ष, १९९० होते. मोबाइल कंपन्या आणि नॉलिवूडचा चित्रपट व्यवसाय जुन्या चौकटीत नीट मावतच नव्हता. पायाभूत वर्ष २०१० केल्यावर २०१३ चे उत्पन्न ४२.४ लाख कोटी नायरांवरून ८०.२ लाख कोटींवर गेले, शेतीचा वाटा सुमारे ३५ वरून २२ टक्क्यांवर आला आणि नायजेरियाने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकले. घानाने २०१० मध्ये हेच केले तेव्हा वाढ सुमारे ६० टक्के होती आणि देश कमी उत्पन्नाच्या गटातून वर सरकला.

कोणाच्या खिशात एक नायराही वाढला नाही. मात्र भाजक मोठा झाल्याने कर्जाचे उत्पन्नाशी प्रमाण कमी, म्हणजे बरे दिसू लागले आणि करवसुलीचे प्रमाणही घसरले, म्हणजे वाईट दिसू लागले. तुलना करताना २०१४ आधीच्या अहवालातला आकडा नंतरच्या आकड्याशेजारी ठेवू नका. सांख्यिकी कार्यालयाने मागच्या वर्षांसाठी नव्या पायावर मोजलेली मालिका घ्या, आणि तक्त्याखाली पायाभूत वर्ष छापलेले नसेल तर तो तक्ता सोडून द्या.