‘मॅडम, माझं नेमकं काय चुकलं?’

विचारणाऱ्या बाई स्वतःच्या आईला बरोबर घेऊन आल्या होत्या. वय ३९, बँकेत नोकरी. नवव्या आठवड्यात गर्भपात झालेला. तपासणीचा रिपोर्ट समोर ठेवला, त्यात १६ क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन होती. मग पर्समधून वहीचं पान काढलं. त्यावर स्कूटरवरचा खराब रस्ता, पपई, ग्रहणात चिरलेली भाजी, आधी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या असं सगळं लिहिलेलं. प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्ह.

गुणसूत्रांचा रिपोर्ट घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हाच प्रश्न विचारते. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

मी आधी पानाबद्दल बोलले नाही. विचारलं, “हे स्त्रीबीज किती जुनं होतं, माहीत आहे?” त्या म्हणाल्या, “त्या महिन्याचंच ना?”

नाही. पुरुषात वयात आल्यापासून शुक्रजंतू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. बाईची बीजं मात्र ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. साधारण तिसऱ्या महिन्यापासून त्या इवल्याशा अंडाशयातल्या पेशी डीएनएची शेवटची प्रत काढतात आणि अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे बीजातली गुणसूत्रं निम्मी करणारं मायोसिस, सुरू करतात. गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि जन्माच्या सुमारास काम अर्ध्यावर थांबतं. ते पुढे सरकतं थेट बीज बाहेर पडण्याच्या सुमारे ३६ तास आधी. शेवटचा टप्पा तर शुक्रजंतू आत शिरल्यावरच पुरा होतो. मधल्या काळात नवी प्रत निघत नाही.

इतकी वर्षं गुणसूत्रं धरून ठेवतं कोहेसिन नावाचं प्रथिन. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की ते जन्माआधीच बसतं आणि नंतर जवळजवळ बदललं जात नाही. वर्षांनुवर्षं ते विरत जातं. मग वेगळं होण्याच्या वेळी एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. १६व्या गुणसूत्राच्या बाबतीत ही चूक जवळपास नेहमी स्त्रीबीजातच झालेली असते.

लेक गप्प होती. आईच एकदम म्हणाल्या, “म्हणजे माझ्याच पोटात बिघडलं होय? ही पोटात होती तेव्हा चौथ्या महिन्यात मी भातलावणीला वाकत होते.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. एकीचा दोष काढताना मी तो दुसरीच्या पदरात टाकला होता. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “नाही काकू, तुमच्या पोटात झालेलं काम चोख होतं. प्रत नीट निघाली, जोड्या नीट जुळल्या. सैल पडलं ते पुढच्या ३९ वर्षांत.” त्यांनी क्षणभर विचार केला. “गोधडीचं कापड धड असतं, टाके उसवतात, तसं?” अगदी तसंच. इतकं सोपं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मग लेकीने पान पुढे सरकवलं. “पण वेगळं होणं तर त्याच महिन्यात झालं ना? तेव्हा मी काही केलं असेल तर?” प्रश्न रास्त होता. एका महिन्यातल्या रस्त्याने किंवा पपईने ते टाके उसवत नाहीत, गोळ्यांनीही नाही आणि ग्रहणाने तर नाहीच. वयाचा परिणाम मात्र खरा आहे, आणि तो मी लपवत नाही. डाऊन सिंड्रोमचं, म्हणजे २१ क्रमांकाची गुणसूत्रं दोनऐवजी तीन असलेलं, बाळ होण्याची शक्यता ३५व्या वर्षी साधारण ३५० मध्ये १, तर ४०व्या वर्षी १०० मध्ये १ असते. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांच्या गडबडीनेच होतात, आणि त्यानंतर निरोगी मूल झालेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पुन्हा दिवस राहिले तर दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरून करायची चाचणी आणि ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी कशी असते, ते समजावलं. घाई करा किंवा थांबा, असं काहीच सांगितलं नाही. तो निर्णय त्यांचा.

निघताना काकूंनी लेकीच्या हातातलं पान घेतलं, घडी घातली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवलं. “घरी गेल्यावर सासूबाईंना मी सांगते,” त्या म्हणाल्या, “गोधडीचंच उदाहरण देऊन.”