देशांची यादी आधी वाच

पुणे, सोमवार पेठ

बेटा, अनेक आशीर्वाद.

पेटंट एजंटची परीक्षा पास झालीस, पेढे पोचले. सोबतच्या चिठ्ठीत विचारलंस, लेनाकापाविरचा करार चांगला म्हणायचा की वाईट? आधी सांग, करार वाचलास की नुसती बातमी?

एचआयव्हीची लागण रोखणारं, वर्षातून दोनदाच टोचायचं हे इंजेक्शन. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिलियड या मूळ अमेरिकी कंपनीने सहा कंपन्यांना ते बनवायचा परवाना दिला. आपल्या पुण्याची एमक्युअर त्यातली एक. स्वस्त माल १२० देशांत विकता येईल. यादीत भारत आहे, ब्राझील नाही. या औषधाच्या चाचणीत ब्राझीलची माणसं होती! त्यांच्या अंगावर प्रयोग चालला आणि त्यांचाच देश यादीबाहेर. मला हे अन्यायाचं वाटतं. म्हणून कुठलाही परवाना हातात आला की कोण वगळलंय ते मी आधी पाहतो.

१९९८ साली मी ससूनजवळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर होतो. एक रिक्षावाले काका एचआयव्हीच्या आठ-आठ दिवसांच्या गोळ्या न्यायचे. पैसे संपले की खंड. खंड पडला की विषाणू औषधाला दाद देत नाही, हे ठाऊक असूनही मी गोळ्या मोजून देत राहिलो. पुढे ते यायचे थांबले. आणि २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा डोस ३५० डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. हे जमलं, कारण १९७० च्या आपल्या कायद्यात औषधावर पेटंटच नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होतं.

२००५ मध्ये औषधावरही पेटंट मिळू लागलं आणि ती वाट बंद झाली. मात्र दोन गोष्टी हाती राहिल्या: जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेणं अडवणारं कलम ३(ड) आणि पेटंट मंजूर होण्याआधी कुणालाही घेता येणारी हरकत. टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधाच्या पेटंटवर हरकत घेणाऱ्यांत रुग्णांच्याच संघटना होत्या. २००९ मध्ये पेटंटचे ते अर्ज फेटाळले गेले. डोल्युटेग्राविर हे दुसरं औषध मात्र मेडिसिन्स पेटंट पूलच्या, म्हणजे पेटंटवाल्यांकडून परवाने मिळवून ते इतर कंपन्यांना देणाऱ्या संस्थेच्या, २०१४ च्या परवान्यातून स्वस्त झालं. आज सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, ही दोन्ही औषधं एकाच गोळीत, फुकट मिळतात. म्हणजे एक वाट भांडणाची, दुसरी कराराची. कराराला नावं ठेवू नकोस, पण हरकतीची भीती असली की करार देणाऱ्याचा हात जरा सैल होतो, असं माझं मत आहे. २०२४ च्या नियमांनी हरकतीला फी लावली, तेव्हापासून मला त्याची काळजी वाटते.

तुला कंपनीची नोकरी धरायची तर धर. पण हरकतीचा मसुदा लिहायला शीक. ते करणारी माणसं फार थोडी आहेत.

शनिवारी चारला ये. पूलच्या संकेतस्थळावर डोल्युटेग्राविरचा परवाना आहे, तो छापून आण. देशांच्या यादीपासून सुरुवात करू.

तुझा,
काका