शिळावर्तुळाच्या शेतात भूभेदी रडार फिरवावे काय?

हिंगणा तालुक्यातील आपल्या शेतात अर्धवट गाडले गेलेले एक शिळावर्तुळ (महापाषाणकालीन दफनाभोवती मांडलेले मोठ्या दगडांचे कडे) आहे, शेजारी खापरे सापडणारे पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, छोटे टेकाड आहे आणि एका सर्वेक्षण कंपनीने भूभेदी रडार फिरवून 'दहा मीटरपर्यंतचे सारे' दाखवण्याची तयारी दर्शवली आहे. तर हा खर्च करावा काय, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की आपल्या जमिनीत सुरुवात रडारने करू नये, आणि दहा मीटरचा दावा करणाऱ्याकडून तर मुळीच करून घेऊ नये.

न खोदता जमिनीतले शोधणारे कोणतेही यंत्र, रडार असो वा दुसरे, भिंत किंवा थडगे पाहत नाही. ते मातीचा एखादा भौतिक गुणधर्म मोजते, आणि अवशेष व भोवतालची माती यांच्यात त्या गुणधर्माचा फरक असेल तरच काहीतरी उमटते. म्हणून यंत्र ठरवण्याआधी जमीन समजून घ्यावी लागते. रडारच्या विद्युतचुंबकीय लहरी कोरड्या वाळूत काही मीटर खोल जातात. मात्र आपल्या काळ्या मातीतील फुगणारी चिकणमाती पाणी आणि क्षार धरून ठेवते, वीज सहज वाहू देते, आणि त्यामुळे ओलावा असताना लहरी बहुधा पहिल्या मीटरच्या आतच विरून जातात. उन्हाळ्यात माती सुकते हे खरे, पण तेव्हा पडलेल्या भेगांपैकी प्रत्येक भेग स्वतःचे प्रतिध्वनी परत पाठवते. त्या गोंधळावर रंग चढवून तयार केलेल्या चित्रातील तांबडा ठिपका 'दफनाची जागा' म्हणून दाखवणे फार सोपे असते. मुरमाड माळ, किल्ल्याचा दगडी चौथरा किंवा देवळाचे फरसबंद अंगण असते, तर मी रडारची शिफारस आनंदाने केली असती.

आपल्यासाठी विद्युत रोधकतेची पद्धत अधिक योग्य आहे. ती जुनी आणि साधी आहे. १९४६ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी इंग्लंडमधील डॉर्चेस्टर-ऑन-टेम्स येथे तिचा पुरातत्त्वासाठी उपयोग केला. जमिनीत खुपसलेल्या सळयांतून प्रवाह सोडून माती त्याला किती विरोध करते ते मोजायचे, एवढेच तिचे तत्त्व. ओली काळी माती जेमतेम काही ओहम-मीटर (रोधकतेचे एकक) रोधकता दाखवते, तर मुरूम आणि दगडांचा भराव त्याहून कितीतरी अधिक. विदर्भातील उत्खननांत वर्तुळाच्या आत मातीचा आणि दगडगोट्यांचा भराव आढळला आहे, त्यामुळे दगडी भराव काळ्या मातीत असेल तर तो उंच आकड्यांनी उठून दिसेल. उलट मुरमात खणलेला खड्डा काळ्या मातीने भरलेला असेल तर तो कमी आकड्यांनी दिसेल. सळयांमधील अंतर अर्धा मीटर ठेवल्यास साधारण तेवढ्याच किंवा थोड्या अधिक खोलीचे चित्र मिळते. वर्तुळाची रचना कळण्यास मीटरभर अंतरावरचे वाचन पुरते, परंतु आतील लहान खड्डा शोधायचा असेल तर अर्ध्या मीटरवर वाचन घ्यावे.

ऋतूची निवड यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. पावसाळ्यात सारे शेत सारखेच ओले असते आणि फरक बुजतो. मे महिन्यात सळईचा मातीशी संपर्कच धड होत नाही. सोयाबीन निघाल्यानंतर, वरचा ओलावा उतरू लागला की मुरूम आणि दगडाचा भाग आधी सुकतो व काळी माती मागे राहते. तेच दिवस साधावेत. अर्थात त्यासाठी तेवढ्या पट्ट्यात हरभरा पेरणे एका हंगामापुरते टाळावे लागेल.

चुंबकमापी, म्हणजे जमिनीवरील चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक मोजणारे यंत्र, याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या पद्धतीबद्दल आपल्याकडे अवाजवी आशा आहेत. १९५८ मध्ये मार्टिन एटकिन यांनी इंग्लंडमधील वॉटर न्यूटन येथे प्रोटॉन चुंबकमापीने रोमनकालीन भट्टी शोधली, आणि भट्टी हेच या यंत्राचे खरे लक्ष्य आहे. तापलेली माती थंड होताना त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवते, आणि भट्टी जागेवरच भाजली गेल्यामुळे तिचे सगळे कण एकाच दिशेने बोलतात. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे लोह वितळवण्याची महापाषाणकालीन भट्टी उत्खननात मिळाली आहे. तशी एखादी आपल्या टेकाडात असल्यास चुंबकमापी ती टिपू शकेल. भाजलेल्या विटांच्या भिंतीत मात्र प्रत्येक वीट वेगळ्या दिशेने बसवलेली असल्याने परिणाम पुष्कळसा आपापसांतच कटतो. शिळावर्तुळाची अडचण त्याहून मोठी आहे. नागपूरच्या पश्चिमेकडील शिळा बेसाल्टच्या, म्हणजे स्वतःच चुंबकीय. माणसांनी हलवून मांडल्यामुळे प्रत्येकीची दिशा निराळी, आणि तळाचा खडकही बेसाल्टच. अशा कोलाहलात काही नॅनोटेस्लाचा (चुंबकीय क्षेत्राचे अगदी लहान एकक) फरक ऐकू येणे कठीण. रामटेक-मनसर भागात तळाचा खडक वेगळा असल्याने तेथे ही पद्धत अधिक बोलकी ठरू शकते. शिवाय तारेचे कुंपण, बोअरवेलचा लोखंडी केसिंग पाईप आणि पंपाची वीजवाहिनी यांपासून दूर राहावे लागते.

त्यामुळे चुंबकमापी टेकाडावर आणि रोधकता वर्तुळावर, अशी विभागणी मी सुचवेन. मात्र त्याआधी २० बाय २० मीटरचे चौकोन आखून प्रत्येक शिळेची जागा आणि खापरांची दाटी कागदावर घ्यावी. शिळांवर वाटीसारखे कोरीव खळगे आहेत का, तेही पाहावे. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांत १८६७ मध्ये उत्खनन करणाऱ्या रिव्हेट-कार्नाक यांनी असे खळगे नोंदवले होते. हे काम कमी खर्चाचे असून पुष्कळदा यंत्राहून अधिक सांगून जाते.

कंपनीशी करार करताना केवळ रंगीत नकाशे न मागता मूळ वाचने, सळयांची मांडणी आणि चौकोनांचे अक्षांश-रेखांश लेखी मागावेत. ते देण्यास नकार मिळाला तर काम देऊ नये. नकाशात काही दिसले तरी खोदून पाहण्याचा मोह टाळावा: उत्खनन परवान्याशिवाय करता येत नाही, आणि १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. (दहा रुपयांची ती मर्यादा अजून तशीच आहे.) त्यापेक्षा शिळांचा नकाशा घेऊन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे आधी जावे, वर्तुळाची नोंद पूर्वी झाली आहे काय आणि जवळ एखादे संरक्षित स्थळ येते काय, हे तेथे कळेल, आणि कंपनीला आगाऊ रक्कम त्यानंतरच द्यावी.