गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल विकण्याआधी

तुम्ही नव्याने ट्रान्सपोर्टमध्ये आलात, म्हणून आधी तारखांचं गणित समजून घ्या. रस्त्याने नेलेल्या मालाला 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा लागतो, त्यातलं कलम 15 तोंडपाठ हवं.

माल पोचला त्या दिवसापासून मुदत मोजू नका. हीच चूक सर्वांत जास्त होते. माल ज्याच्या नावाने आला त्या घेणाऱ्याला नोटीस द्यायची, तिच्या तारखेपासून 30 दिवस गेले की माल ‘बेवारस’ ठरतो. पण 31 व्या दिवशी विकायचा नाही! दुसरी नोटीस लागते: माल उचला, 15 दिवस आहेत. घेणारा सापडत नसेल तर ती पाठवणाऱ्याला द्या. हे 15 दिवस नोटीस हातात पडल्यापासून धरतात. समजा, पहिली नोटीस 1 जूनची, दुसरी 5 जुलैला मिळाली. तर 20 जुलैपर्यंत मालाला हात लावू नका. म्हणूनच पोचपावती बिल्टीलाच (मालाच्या वाहतूक-पावतीलाच) टाचून ठेवा.

टोमॅटो, मासे असा नाशवंत माल असेल तर नोटीस मिळाल्यावर 24 तास पुरतात; पाठवणाऱ्याशी ठरलं असेल तर त्याहून कमी.

विक्रीतून भाडं, साठवणुकीचा आकार आणि विक्रीचा खर्च कापा. उरलेली रक्कम परत करायची असते, ती तुमची नव्हे. विकण्यापूर्वी नग मोजा, फोटो काढा, दोन-तीन लेखी भाव घ्या. ओळखीच्याला पडत्या भावात दिलात, तर भांडण ठरलेलंच.

रेल्वेच्या मालाचे नियम वेगळे, ते इथे लावू नका.