राज्याच्या सूर्याला अर्थ कुठून आणू?

प्रश्न : ताई, मी खानापूरला पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितेय. त्यातल्या राज्याचं पवित्र चिन्ह म्हणजे आठ किरणांचा सूर्य. तो देवळांवर, ढालींवर, नाण्यांवर असतो. सूर्य म्हणजे प्रकाश, म्हणजे चांगलं, असा अर्थ दिलाय. मैत्रीण म्हणते, ‘यात नवीन काय?’ काय करू?

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलतेय. पुढची प्रकरणंही तिलाच वाचायला दे. उजेड चांगला आणि अंधार वाईट, एवढ्यावर राज्य चालत नाही. चिन्हाच्या नावानं लोक काय करतात, कशाला भितात, ते लिही.

एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, शोध. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंग पूजतोय, आणि अगदी माथ्यावर सूर्य आणि चंद्रकोर. दानाच्या शिलालेखांवरही हीच जोडी. तिथं सूर्य उजेड देत नाही, मुदत सांगतो : सूर्यचंद्र आहेत तोवर ही जमीन देवाची. शिवाय साक्षीलाही तोच. गद्धेगाळांवर, म्हणजे दानाच्या शापशिळांवर, तर त्याच सूर्यचंद्राखाली दान मोडणाऱ्याला अशी शिवी कोरलेली असते, की इथं छापली तर संपादक माझं सदर बंद करतील.

आता सांग, तुझ्या राज्यात चंद्र आहे का? नसेल तर रात्री दिलेल्या वचनाला साक्षी कोण? मी असते तर तिथल्या सावकारांना सगळे करार रात्रीच करायला लावले असते.

दुसरं म्हणजे, सगळ्या राज्याचा सूर्य एकसारखा ठेवू नकोस. आपला बेळगाव जिल्हाच बघ. कणकुंबी-जांबोटीकडं आषाढात दिवसच्या दिवस ऊन नाही. जरा उघडलं की बायका वाकळा घेऊन अंगणात. अथणीकडं वैशाखात तोच सूर्य विहिरी आटवतो. तुझ्या पश्चिमेकडच्या लोकांनी सूर्य दारावर काढावा, पूर्वेकडच्यांनी उंबऱ्याबाहेर, आत येऊ नये म्हणून. मग राजानं सगळ्यांच्या दारावर एकच शिक्का मारायचा हुकूम काढला, की तुझी कादंबरी सुरू.

ढाली फार झाल्यात, घरातलंही काही हवं. रथसप्तमीला आपण तुळशीपुढं शेणी पेटवून दूध ठेवतो आणि मुद्दाम उतू जाऊ देतो. कुठल्या दिशेला सांडलं, ते घरातल्या म्हाताऱ्या बघतात. तुझ्या राज्यातल्या गरिबाघरी सूर्यासाठी काय सांडतात?

आणि किरणं आठच का? ऋग्वेदातल्या एका चाकाला बारा आरे आहेत, वर्षाच्या महिन्यांइतके. तुझ्या राज्यात वर्षाचे महिने किती, ते आधी ठरव आणि तेवढीच किरणं काढ. दहा ठरले तर पहिल्या प्रकरणातलं ढालीचं वर्णन बदलावं लागेल, तेवढं विसरू नकोस.