अम्मम्माकडे आजी जेवत का नाही?

प्रिय चिनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आजी अम्मम्माकडे चहा घेते, मग जेवायला का बसत नाही?" घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून इथून दोह्याहून लिहिते आहे.

बाबांचं, म्हणजे आजीचं घर लिंगायत, शाकाहारी. माझं माहेर, म्हणजे अम्मम्माचं घर, सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू पद्मशाली. तिथे रविवारी मटण शिजतं. सोलापुरात ही माणसं एकाच गिरणीत राबली, गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांमागे एकत्र चालली. रोटी-बेटी व्यवहार मात्र जातीतच राहिला. आमच्या लग्नाने बेटीचं जमलं, रोटीचं अजून अडलंय.

आजीचं शाकाहारी असणं आपण जपायचं. पण एक फरक ओळखायला शीक: अन्नासाठी भांडी वेगळी ठेवली तर ती सोय, माणसासाठी कप वेगळा ठेवला तर तो विटाळ. तो आपल्या दोन्ही घरांत चालणार नाही, हे मी आणि बाबांनी मोठ्यांना स्पष्ट सांगितलंय.

आजीला जेवायला बोलवायचं तर तवा, कढई आणि उलथनं नवं हवं. त्यातही तवा आधी. लोखंडी तव्यात तेल आणि वास मुरतो, कितीही घासला तरी भाकरीला लागतो. मग आजीचा घास अडतो आणि अम्मम्माला वाटतं, हिने नाक मुरडलं. मटणाचं तेल फोडणीला घ्यायचं नाही. फ्रीजमध्ये भाजी-दूध वरच्या खणात, मटण खाली, झाकलेल्या डब्यात. नाहीतर त्याचं पाणी खालच्या भाजीवर गळतं.

आजीने घरून अख्खा डबा आणला तर अम्मम्माला तो अपमानच वाटेल. म्हणून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आजीची, पप्पू-भात, म्हणजे वरण-भात, अम्मम्माचा, आणि ताट अम्मम्माच्या घरचं.

जावळाला बाळ मामाच्या मांडीवर बसतं, ही रीत दोन्हीकडे एकच, त्यामुळे तिथे वाद होत नाही. बारसं मराठी घरात बाराव्या दिवशी, तेलुगू घरात बहुतेकदा 21 व्या; तारीख आधीच ठरवली तर तेही निभतं.

"तुझ्या आईकडचे असेच" असं कुणी म्हणालं तर उत्तर देणं तुझं काम नाही, आम्हाला सांग. आणि एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात नेऊ नकोस.

मामाला नवा तवा आणायला सांगितलंय. तू आजीला एवढंच विचार, रविवारी कडक भाकरी किती घ्यायच्या?

तुझी,
आई