‘प्रचंड बहुमताने निवडून’ येतं कोण?

भंडारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलंय: गावच्या चौकात ‘भाऊ प्रचंड बहुमताने निवडून आले’ असा फलक अजून लटकतोय, हे मराठी बरोबर का?

नाही. कितव्यांदा सांगू! बहुमत सभागृहात लागतं, उमेदवाराला मिळतं ते मताधिक्य. नोव्हेंबर 2024 मध्ये महायुतीने सत्ता राखली. तीन पक्षांचे मिळून 230 आमदार आले, 288 च्या विधानसभेत 145 पुरतात, म्हणून ते बहुमत. एकट्या भाजपचे 132, ते बहुमत नव्हे. आणि तुमच्याच जिल्ह्यात, साकोलीला, नाना पटोले विरोधात राहून 208 मतांनी आले. तेही मताधिक्यच, ‘प्रचंड’ तेवढं गाळा.

पण खरी गंमत ‘निवडून’मध्ये आहे, ती कोणी विचारत नाही. आमच्या ओळखीचे एक गुरुजी ठासून सांगतात, ‘निवडणूक’ म्हणजे ‘निर्वाचन’चा अपभ्रंश. अहो, मग ‘च’ कुठे गेला आणि ‘ड’ कुठून उगवला? जैन पंडित हेमचंद्राचं 12 व्या शतकातलं प्राकृत व्याकरण उघडा. वेगळं होणं, स्पष्ट होणं या अर्थी तिथे ‘णिव्वड’ धातू दिलाय. हाच आपला निवड! आणि बघा, तो अकर्मक आहे. कोणी कोणाला वेगळं काढत नाही, आपसूक वेगळं होतं. म्हणूनच, माझ्या मते, आपण ‘निवडून येतो’ म्हणतो. तो ‘येतो’ म्हणजे हेमचंद्राच्या अकर्मकाची उरलेली शेपटी. गुरुजींना हे पटत नाही. न पटो.

सकर्मक ‘निवडणे’ मात्र सुपातलं. धानाचे पुंजणे, म्हणजे कापून रचलेले ढीग, मोडून झाले, नवे तांदूळ घरात आले, की माय ओसरीत सूप घेऊन बसायची. एकदा विचारलं, “तांदूळ निवडून राहिली का?” नजर वर न करता म्हणाली, “तांदूळ कायले निवडू? गोटे निवडून राहिली.” आणि खरंच, बोलताना आपण तांदूळ निवडतो, चिमटीत येतो तो गोटाच. तांदूळ सुपात राहतो, गोटा अंगणापार जातो.

आता गावातून मुंबईला कोण जातं, ते फलकवाल्याला विचारा.